१००.४

माझ्या धाकट्या भावाच्या उशाशी वर्षभर एक वही असायची. तिच्या प्रत्येक पानावर मी पट्टीने रकाने आखले होते: तारीख, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरचा कितवा दिवस, चार वेळचा ताप आणि त्या दिवशीचा काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या. पहिल्या पानावर लाल शाईने फक्त एक आकडा होता, १००.४ अंश फॅरनहाइट. भरती झालो त्या दिवशी विभागातल्या परिचारिकेने आम्हाला समोर बसवून सांगितले होते की, एवढा ताप तुम्हाला-मला आला तर त्याला कणकण म्हणतात, पण याला आला तर ती आणीबाणी समजायची आणि तासाभराच्या आत अँटिबायोटिक शिरेतून सुरू झाले पाहिजे.

प्रत्यारोपण पार पडले म्हणजे आजार संपला, अशी आमची समजूत होती आणि मला आज भेटणाऱ्या बहुतेक नातेवाइकांचीही असते. त्या समजुतीपायी घरी आल्यावर जी ढिलाई होते, ती मी स्वतः अनुभवली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. मी दाता होते आणि नंतर वर्षभर शुश्रूषा करणारी होते, तेवढ्याच अधिकाराने लिहिते.

भावाला वयाच्या एकतिसाव्या वर्षी तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. केमोथेरपीने तो आटोक्यात आला, पण परत उलटण्याची शक्यता मोठी असल्यामुळे दात्याच्या स्टेम सेल, म्हणजे अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी, घेण्याचा सल्ला मिळाला आणि तपासणीत माझे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, त्याच्याशी पूर्ण जुळले. भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली झाले. चाळीस वर्षांनंतर दात्याचे काम फारच सोपे झाले आहे. मला पाच दिवस इंजेक्शने दिली, त्यांनी कंबर आणि छातीचे हाड ठणकत राहिले, मग साडेचार तास यंत्राजवळ पडून राहिले, एवढेच. संध्याकाळी दोन कप चहा मावेल एवढी लालसर पिशवी त्याच्या खोलीत गेली आणि तासाभरात रिकामी झाली. आई बाहेर जप करत बसली होती. परिचारिकेने दार उघडून "झाले" म्हटले तेव्हा तिला ते खरेच वाटेना.

खरी परीक्षा त्या पिशवीनंतर सुरू झाली. नव्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी दिलेली जबर औषधे जुनी मज्जा तर पुसून टाकतातच, पण त्याबरोबर तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तरही सोलवटून काढतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये जंतूंशी लढणाऱ्या हजारो न्यूट्रोफिल पेशी असतात. सहाव्या दिवशी भावाच्या अहवालात ही संख्या शंभराच्याही खाली होती. त्याचे तोंड इतके आले होते की स्वतःची थुंकी गिळायलाही त्याला मॉर्फिन लागे. अशा अवस्थेत बाहेरून काही यावे लागत नाही, कारण प्रत्येकाच्या आतड्यात जे जिवाणू जन्मभर निमूटपणे राहतात, तेच त्या फाटक्या अस्तरातून रक्तात उतरतात. आईला हे कितीही समजावले तरी पटत नव्हते. आपण भेटायला आलो त्या दिवशी काहीतरी घेऊन आलो, असेच ती मनाशी घोकत राहिली.

नवव्या दिवशी पहाटे तीन वाजता त्याला हुडहुडी भरली. पलंगाच्या कडेचा लोखंडी कठडा खडखड वाजत होता, दोन ब्लँकेट अंगावर असूनही त्याचे दात एकमेकांवर आपटत होते आणि नखे निळसर दिसू लागली होती. थर्मामीटरवर १०२.२ आले. परिचारिकेने आधी गळ्याजवळ मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, म्हणजे लाइनमधून, आणि मग दंडातून रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी, घेतले आणि ताप उतरवण्याचे औषध देण्याआधी अँटिबायोटिकची बाटली लावली. मी घड्याळाकडे पाहिले होते. हुडहुडीपासून बाटलीपर्यंत पस्तीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जिवाणू निघाला, आणि तोही कार्बापेनेम गटाच्या जबर अँटिबायोटिकांना दाद न देणारा. असे हट्टी जिवाणू आपल्या देशातील रुग्णालयांमध्ये आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. आमचे नशीब एवढेच की, प्रत्यारोपणाआधी घेतलेल्या गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये हा पाहुणा त्याच्या आतड्यात आधीच सापडला होता, त्यामुळे कल्चरची वाट न पाहता डॉक्टरांनी पहिल्याच तासात सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम आणि अझ्ट्रिओनाम या अँटिबायोटिकांची जोडी सुरू केली होती. ज्या साध्या चाचणीला मी मनातून नाके मुरडली होती, तिने त्या रात्री त्याला वाचवले असे मी मानते.

सोळाव्या दिवशी काउंट सलग तिसऱ्यांदा पाचशेच्या वर आला, म्हणजे माझ्या पेशी त्याच्या हाडांत रुजल्या. विभागात पेढे वाटायला परवानगी नसते, त्यामुळे आईने काचेच्या बाहेरूनच त्याची दृष्ट काढली.

सुट्टी मिळाली ती सत्ताविसाव्या दिवशी, पण शंभर दिवस रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहण्याची अट होती. मुंबईच्या उपनगरात भाड्याने घेतलेल्या त्या खोलीत आईने स्वयंपाकाची सगळी घडी बदलली. भाजी-आमटीवर वरून कोथिंबीर भुरभुरायची नाही, ती फोडणीतच शिजली पाहिजे. मिरपूड वरून पेरायची नाही. बाहेरचे दही, चटणी, कोशिंबीर, द्राक्षे बंद. शिजवलेले अन्न दोन तासांत खायचे आणि उरलेले परत त्याच्या ताटात वाढायचे नाही. श्रावणात शेजारणीने सत्यनारायणाचे तीर्थ आणि फुलांचा हार मोठ्या प्रेमाने आणला. त्याला नाही म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने दारातूनच हात जोडले.

एवढी काळजी घेऊनही छत्तिसाव्या दिवशी विषाणूने डोके वर काढले, आणि या विषाणूचा स्वयंपाकघराशी काही संबंध नव्हता. सायटोमेगॅलो व्हायरस, ज्याला विभागात सगळे सीएमव्ही म्हणतात, तो आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणीच शिरलेला असतो आणि आयुष्यभर दबा धरून बसतो. त्याला दाबून ठेवणाऱ्या लिम्फोसाइट पेशी प्रत्यारोपणानंतर महिनोन्‌महिने अपुऱ्या असतात. न्यूट्रोफिल दोन-तीन आठवड्यांत परततात, पण या दुसऱ्या फळीला सावरायला वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. माझ्या तपासणीतही सीएमव्ही पॉझिटिव्ह आला होता आणि आपणच हे विष त्याला दिले, या विचाराने मी दोन रात्री झोपले नाही. डॉक्टरांनी उलगडून सांगितले तेव्हा कळले की, गोष्ट नेमकी उलट आहे. ज्या रुग्णात हा विषाणू आधीपासून आहे, त्याला तो विषाणू ओळखणारा दाता मिळणे फायद्याचे असते, कारण दात्याच्या पेशींबरोबर त्या ओळखीचा थोडा वारसाही जातो.

दर सोमवारी पीसीआरसाठी, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या चाचणीसाठी, रक्त जाई आणि बुधवारी आकडा येई. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता आकडा चढू लागताच उपचार सुरू करायचे, ही पद्धत आहे आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. सीएमव्हीचा न्यूमोनिया झालेले बहुतेक प्रत्यारोपणाचे रुग्ण एके काळी दगावत असत. १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले गॅन्सिक्लोविर आणि त्यानंतर आलेल्या रक्तातील चाचण्या यांनी चित्र पालटले. मात्र हे औषध मज्जेलाच दाबते. भावाचा काउंट ४,२०० वरून तीन आठवड्यांत ८०० वर घसरला, आणि जे रुजवण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच औषधापायी सुकते की काय, अशी धास्ती घेऊन आम्ही पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने टोचत राहिलो. २०१७ साली अमेरिकेत मान्य झालेले लेटर्मोव्हिर मज्जेला धक्का न लावता सीएमव्हीला आधीपासूनच रोखते, पण त्याचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. पीसीआर दोनदा निरंक आला, तेव्हा मी वहीत त्या आकड्याभोवती चौकट केली.

मधल्या काळात लघवीतून रक्त जाणे, गाठी अडकणे आणि त्यासाठी मूत्राशय सलाइनने धूत राहणे हेही बारा दिवस झाले. तो बीके नावाचा दुसरा विषाणू. त्या बारा दिवसांबद्दल भाऊ आजही बोलत नाही, म्हणून मीही येथे अधिक लिहीत नाही.

बुरशीबद्दल मात्र लिहिले पाहिजे. पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास माझ्या पेशींनी त्याच्या आतड्यावर हल्ला चढवला, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सस होस्ट आजार झाला आणि दिवसाला दोन-अडीच लिटर जुलाब होऊ लागले. त्यावर स्टेरॉइडखेरीज पहिला इलाज नाही, आणि स्टेरॉइड प्रतिकार दाबते, म्हणजे बुरशीला उघडे दार. ते दार लावण्यासाठी पोसाकोनाझोल या बुरशीरोधक औषधाच्या गोळ्या सुरू होत्या, परंतु आतडेच बिघडलेले असल्याने गोळी अंगी लागत नव्हती आणि रक्तातील तिची पातळी फारच कमी भरली. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या खिडकीसमोरची जुनी चाळ पुनर्विकासासाठी पाडायला घेतली. रुग्णालयातल्या त्याच्या खोलीत हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा होती, आणि दार उघडले तरी वारा आतून बाहेरच जाईल असा दाब होता. येथे आमच्याकडे ओल्या चादरी होत्या. मी खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या, चादर दिवसातून चार वेळा पिळली, आणि प्रत्येक वेळी बादलीत राखाडी गाळ बसलेला पाहिला. ॲस्परजिलस या बुरशीची बीजे मातीत, धुळीत, ओल्या भिंतीत, कुंडीत, कूलरच्या पाण्यात सर्वत्र असतात. आपण ती रोज श्वासातून घेतो आणि आपल्या पेशी ती निमूट निस्तरतात. त्यामुळे कोणत्या श्वासातून ते बीज त्याच्या छातीत गेले, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण त्या काळात घर बदलायला हवे होते, असे मला आजही वाटते, आणि प्रत्यारोपणाचा विभाग राहण्याच्या पत्त्याची चौकशी करतो तेव्हा शेजारी बांधकाम आहे का, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी त्याला खोल श्वास घेताना उजव्या कुशीत चमक आली. ताप नव्हता, कारण स्टेरॉइड ताप झाकते; आमचा लाल आकडा त्या दिवशी आमच्या कामाला आला नाही. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात गाठ आणि तिच्याभोवती चंद्राला खळे पडावे तसे धूसर वलय दिसले. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या काळ्या बुरशीने आपल्याकडे हाहाकार माजवला, ती म्युकर अशा रुग्णांमध्येही होते, आणि तिच्यावर बुरशीच्या औषधांपैकी व्होरिकोनाझोल चालत नाही, ॲम्फोटेरिसिन चालते. म्हणून निदान होईपर्यंत ॲम्फोटेरिसिन लावले आणि दुर्बिणीने फुप्फुस धुऊन ते पाणी तपासायला दिले. त्यात गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे ॲस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतील शर्करा, सापडली. म्युकरमध्ये ही चाचणी होकारार्थी येत नाही, त्यामुळे डॉक्टरांचा चेहरा किंचित सैलावलेला मी पाहिला. मग व्होरिकोनाझोल आले. पहिल्या दोन रात्री भिंतीवरचा पांढरा रंग लखलखतो आहे, ट्यूबलाइटभोवती हिरवे-जांभळे कडे दिसते आहे, असे भाऊ सांगू लागला. आम्ही घाबरलो, परंतु हा त्या औषधाचा ठरावीक परिणाम आहे आणि तो ओसरतो. या औषधामुळे टॅक्रोलिमस हे प्रतिकार दाबणारे औषध रक्तात साठते, म्हणून टॅक्रोलिमसची मात्रा आणखी कमी करून पातळी आठवड्यातून दोनदा मोजावी लागली. गाठ विरघळायला चार महिने लागले.

साताऱ्याला घरी परतलो तेव्हा एकशे तिसावा दिवस उलटला होता. डॉक्टरांनी निघताना एक पत्र दिले होते: प्रत्यारोपणाची तारीख, सुरू असलेली औषधे, आतड्यात सापडलेल्या हट्टी जिवाणूचे नाव, ताप आल्यास प्रथम कोणते अँटिबायोटिक द्यावे, आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन. मी ते फाइलमध्ये तळाशी ठेवले होते. एकशे अठ्ठेचाळिसाव्या दिवशी रात्री नऊ वाजता त्याला १००.८ ताप आला. घराजवळच्या एका रुग्णालयात गेलो, तेथे आधी नोंदणी, मग अनामत रक्कम, मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी "व्हायरल दिसते आहे, पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत पाहू" असे सांगितले. काउंट साधारण होता, त्यामुळे त्यांना घाई दिसत नव्हती. मी घरी फोन करून फाइल मागवली, पत्र काढून हातात दिले, मुंबईचा फोन लावून दिला. अँटिबायोटिक लागले तेव्हा ताप येऊन अडीच तास झाले होते आणि वरचे ब्लड प्रेशर ८४ होते. त्वचेवर राहणारा एक साधा जिवाणू लाइनवाटे रक्तात शिरला होता. लाइन काढल्यावर चार दिवसांत भाऊ सावरला. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, कारण अशा रुग्णाची गाठ त्यांना क्वचितच पडत असेल. पण म्हणूनच ते पत्र फाइलच्या तळाशी नव्हे, रुग्णाच्या पाकिटात असले पाहिजे. आणि ताप मोजून लिहून ठेवण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, हे मी ज्याला-त्याला सांगत असते.

दहाव्या महिन्यातली चूक पूर्णपणे आमची होती. रोजच्या सतरा गोळ्यांपैकी विषाणूंना रोखणाऱ्या ॲसिक्लोविरची पाने संपली आणि आता तो बरा दिसतो आहे, या भरवशावर तीन आठवडे ती आणायची राहिली. एके दिवशी आंघोळ करताना पाठीवर डाव्या बाजूला आग होते म्हणाला, आणि संध्याकाळी पाठीपासून बरगडीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा उमटला. आत्या आली होती, तिने पाहताक्षणी ओळखले. "नागीण आहे ही, गेरू लावा, आणि दोन्ही तोंडे जुळू देऊ नका," ती म्हणाली. नाव तिने बरोबर सांगितले. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी राहतो आणि प्रतिकार घटला की त्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो पट्टा शरीराच्या एकाच अंगाला राहतो, म्हणून सहसा तोंडे जुळत नाहीत. प्रत्यारोपणाच्या रुग्णात मात्र तो फुप्फुसात किंवा मेंदूत पसरू शकतो. त्याच रात्री शिरेतून औषध सुरू केले. आत्याला मी दुखावले नाही, गेरूची पुडी तिच्यादेखत देवघरात ठेवली. त्या पट्ट्यातली ठणक अजून पावसाळ्यात जागी होते.

बारावा महिना लागला तेव्हा लसींची सुरुवात झाली. लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण जुन्या मज्जेबरोबर बरीचशी पुसली जाते, म्हणून न्यूमोकोकस, हिब, धनुर्वात, घटसर्प सगळे पुन्हा पहिल्यापासून. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी दोन वर्षे उलटून, प्रतिकार दाबणारी औषधे बंद झाल्यावरच देतात. घरातल्या माणसांच्या लसींचा विचार आम्ही केलाच नव्हता. पल्स पोलिओच्या रविवारी अंगणवाडीतून बोलावणे आले आणि भावाची बायको मुलाला घेऊन निघालीही होती, तेवढ्यात तिला काहीतरी आठवले आणि तिने फोन केला. तोंडावाटे दिलेल्या थेंबांतला जिवंत विषाणू मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो, आणि शी धुणारा बाप या अवस्थेत असेल तर ते धोक्याचे आहे. मुलाला इंजेक्शनचा पोलिओ डोस दिला. अंगणवाडीच्या ताईंना हे समजावून सांगायला अर्धा तास लागला, पण त्यांनी बोटाला शाई न लावता नोंद करून घेतली.

आता दोन वर्षे होत आली. टॅक्रोलिमस बंद आहे, संसर्ग टाळण्यासाठी सुरू असलेले कोट्रायमॉक्साझोल बंद आहे, आणि मागच्या गणपतीत त्याने पहिल्यांदा मास्क न लावता आरती म्हटली. वहीची पाने संपली, नवी आणली नाही. पत्र मात्र दर तपासणीनंतर औषधांची यादी बदलली की मी नव्याने टाइप करते, घडी घालते, आणि त्याच्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे सरकवून ठेवते; जुनी प्रत तो स्वतःच्या हाताने फाडतो.